दुसरी टाकी रिकामीच ठेवा

वाचकाचं पत्र:

नमस्कार सर,
मी एका खोलीत राहते. भिंतीलगत दोन कप्प्यांचा लोखंडी स्टँड आहे. वरच्या कप्प्यात ६० × ३० × ३० सेंटिमीटरची टाकी आहे आणि खाली ४५ × ३० × ३० ची बसेल एवढी जागा आहे. त्यापलीकडे जागाच नाही. वरच्या टाकीत तीन वर्षांपासून गप्पी आणि चार कोरीडोरास (तळाशी फिरणारे छोटे मासे) आहेत. ओळखीच्या एका विक्रेत्याकडे नदीतून पकडलेले ड्वार्फ सिक्लिड (सिक्लिड कुळातले छोटे मासे) आले आहेत: अपिस्टोग्रामा अगासिझी, अपिस्टोग्रामा बोरेली आणि डायक्रॉसस फिलामेंटोसस. तिन्हींची एकेक जोडी द्यायला तो तयार आहे. पुन्हा कधी येतील ते सांगता येत नाही, म्हणतो. मासे एवढेसे तर आहेत. वरच्या टाकीत काचेचं पार्टिशन घालून दोन जोड्या आणि खालच्या टाकीत तिसरी, असं जमेल का? माझा जीव खरं तर अगासिझीवर जडलाय. नळाच्या पाण्याचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) २६० आहे, पीएच ७.६, आणि हिटर न लावता पाणी बहुतेक वर्षभर २३-२४ अंशांवर असतं.
– एका खोलीतली मत्स्यप्रेमी

नमस्कार,

जागा आणि पाणी दोन्ही मोजून कळवलंत, त्यामुळे मलाही नेमकं उत्तर देता येतं. तीन जोड्या जमणार नाहीत. दोनही नकोत. एकच जात घ्या आणि तिची एकच जोडी घ्या. खालची टाकी जरूर बसवा, पाणी भरा, फिल्टर चालू करा, पण तिच्यात कायमचा मासा ठेवू नका. ही रिकामी टाकी तुम्हाला जागेची उधळपट्टी वाटेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हे तिघे कुठले ते बघा. तिघेही दक्षिण अमेरिकेतले. बोरेली पॅराग्वे नदीच्या खोऱ्यातला, पांतानालच्या पाणथळीपासून खाली उत्तर अर्जेंटिनापर्यंतचा. त्या भागात खराखुरा हिवाळा असतो आणि उथळ पाणी चांगलंच गार पडतं. अल्फ्रेदो बोरेली या इटालियन प्राणिशास्त्रज्ञाने त्या प्रदेशातून नमुने आणले होते, त्यांच्यावरून १९०६ मध्ये या माशाला नाव मिळालं. अगासिझी अमेझॉनचा, पेरूपासून पार पूर्वेकडच्या सखल भागापर्यंत पसरलेला, कायम उबेत राहणारा. आणि डायक्रॉसस फिलामेंटोसस रिओ निग्रो आणि ओरिनोकोच्या खोऱ्यांतला. तिथलं काळं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, इतकं मऊ की टीडीएस मीटर जेमतेम हलतो, आणि पीएच पाचच्या आसपास किंवा त्याहून खाली. बोरेलीला २२ ते २५ अंश मानवतं, अगासिझीला २५ ते २८, डायक्रॉससला २७ च्या वर. पार्टिशन घातलं तरी काचेच्या दोन्ही बाजूंना पाणी तेच, तापमान तेच. एक जोडी सुखात असेल तेव्हा दुसरी नुसती तग धरून असेल. पाळलेल्या टाक्यांमध्ये पिढ्यानपिढ्या वाढलेले मासे असं तग धरणं बऱ्यापैकी निभावून नेतात. नदीतून आलेला मासा आधीच पकडणं, साठवणं, पिशवी, प्रवास, पुन्हा साठवणं यातून गेलेला असतो. त्याच्या अंगात तेवढी शिल्लक उरलेली नसते.

‘मासे एवढेसे आहेत’ हे वाक्य मी या छंदात सर्वांत जास्त वेळा ऐकलंय. सहा-सात सेंटिमीटरचा टेट्रा आणि सहा-सात सेंटिमीटरचा अपिस्टो (म्हणजे अपिस्टोग्रामा) यांना सारखी जागा लागत नाही, कारण अपिस्टो तळाचा तुकडा आपला मानून राखतो. त्यामुळे टाकीचे लिटर इथे फारसे उपयोगाचे नाहीत, तळ मोजायचा. तुमच्या वरच्या टाकीचा तळ १,८०० चौरस सेंटिमीटर आहे. अंडी राखणारी एक मादी त्यातला निम्मा सहज आपल्या ताब्यात घेते. पार्टिशन घातलंत तर प्रत्येक जोडीला ३० × ३० चा चौकोन उरतो, आणि मार खाणाऱ्या माशाला पळायला ३० सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही.

हे मी अनुभवाने सांगतोय. काही वर्षांपूर्वी मी अशाच ६० सेंटिमीटरच्या टाकीत अगासिझीचा एक नर आणि दोन माद्या ठेवल्या. निसर्गात एका नराच्या हद्दीत अनेक माद्या असतात हे माहीत होतं, म्हणून मला ते योग्यच वाटत होतं. आठवडाभरात एक मादी लिंबासारखी पिवळीधमक झाली, अंगावरच्या काळ्या खुणा ठळक झाल्या, आणि ती लाकडाखालच्या फटीतून हलेना. दुसरी मादी फिल्टरच्या नळीमागे, अगदी वर, तोंड पृष्ठभागाकडे करून तिरकी उभी राहायला लागली. पर मिटलेले, शेपटीची कड कुरतडल्यासारखी. खायला खाली आली की पिवळी मादी बाणासारखी तिच्यावर यायची. मला वाटलं, होईल सवय. तिसऱ्या दिवशी सकाळी ती नळीमागेच तळाशी पडलेली दिसली. मला तिला हलवायचं होतं, पण हलवायला दुसरी चालू टाकी नव्हती. बादलीत ताजं पाणी भरून तिला त्यात टाकणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. त्या दिवसापासून माझ्याकडे एक टाकी कायम भरलेली, मुरलेला फिल्टर तयार असलेली आणि बिनमाशांची असते.

मार फक्त दुसरी मादीच खाते असंही नाही. नर मोठा आणि रंगीत असल्यामुळे आपण त्याला दांडगा समजतो. पण पिल्लं राखणारी चार सेंटिमीटरची मादी आठ सेंटिमीटरच्या नराला कोपऱ्यात कोंडून त्याच्या परांच्या चिंध्या करते, हे मी स्वतः पाहिलंय. नदीत तो दोन हात लांब जातो आणि प्रश्न मिटतो. तुमच्या टाकीत ती दोन हातांची जागा म्हणजे खालची टाकी.

आता कोणती जोडी. अगासिझीवर जीव जडणं मला पूर्ण समजतं. भाल्याच्या पात्यासारखी टोकदार शेपटी आणि अंगावरून थेट तिच्यात उतरणारा काळा पट्टा एकदा पाहिला की डोळ्यांसमोरून जात नाही. तरी तुमचे आकडे बघून मी बोरेली सुचवेन. तुमचं पाणी २३-२४ अंशांवर आहे, ते त्याच्या अगदी पसंतीचं. टीडीएस २६० आणि पीएच ७.६ ला तो या तिघांत सर्वांत सहज जुळवून घेतो. शिवाय स्वभावाने अपिस्टोंमधला शांत. नर पाच-सहा सेंटिमीटरचा, पण पाठीवरचा पर उभारला की शिडाचं जहाज दिसतं, आणि चेहऱ्याचा पिवळा नि अंगाचा निळा रंग मंद उजेडात असा खुलतो की अगासिझीची आठवण काढायची नाही तुम्ही. ६० सेंटिमीटरमध्ये जागेची कमतरता सर्वांत कमी जाणवेल ती यालाच.

तरीही अगासिझीच हवा असेल तर मी अडवणार नाही, मात्र मग पाणी बनवावं लागेल आणि ते कायम बनवत राहावं लागेल. तुमच्या नळाचं एक भाग पाणी आणि आरओचं (यंत्राने क्षार काढून टाकलेलं) दोन भाग मिसळलं की मीटर ९०-९५ दाखवेल. तेवढं पुरे. हिटर लागेल. बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी फक्त आरओने भरायचं, नळाच्या पाण्याने भरत राहिलात तर क्षार आतच साठून टीडीएस महिन्याभरात पुन्हा वर जातो. पीएच सहाच्या खाली गेला तर माशांनी टाकलेला विषारी अमोनिया पचवणारे फिल्टरमधले जिवाणू मंदावतात. तेव्हा अमोनियाचं अमोनियम झालेलं असतं, ते फारसं विषारी नसतं, म्हणून सगळं ठीक दिसतं. आणि एखाद्या दिवशी घाईत नळाचं पाणी घातलं, पीएच उसळला, की त्याच अमोनियमचा पुन्हा अमोनिया होतो. एका खोलीत, एका बादलीवर हा व्याप वर्षानुवर्षं झेपेल का, ते तुम्हीच ठरवा. डायक्रॉससचा विचार मात्र सोडाच. त्याला याहूनही मऊ पाणी, जास्त लांबीची टाकी आणि स्वतःच्याच जातीच्या माशांची सोबत लागते. तुमच्याकडे तो कोमेजत जाईल.

विक्रेत्याला होकार देण्यापूर्वी दोन कामं आहेत. पहिलं तुमच्या कोरीडोराससाठी चांगलं घर शोधायचं. मला कल्पना आहे, तीन वर्षांचा सहवास आहे. पण ते तळाचे मासे आहेत, त्यांना कुणाची हद्द वगैरे कळत नाही, धमकी दिली तरी ते तसेच पुढे नाक खुपसत जातात. मादी मग त्यांच्या डोळ्यांवर हल्ला करते, आणि रात्री अंधारात अंडी तेच फस्त करतात. दोघांचेही हाल. त्यांना सहा-आठच्या थव्यात, मोठ्या तळाच्या टाकीत जागा मिळाली तर त्यांचंही भलंच होईल. गप्पी वरच्या थरात राहतात आणि तुमचं पाणी त्यांना छान मानवतं, पण त्यांची संख्या वाढत राहते. चार-पाच नर ठेवा, बाकी द्या. वर निवांत फिरणारे मासे दिसत राहिले की नदीतून आलेला बुजरा अपिस्टो लवकर बाहेर येतो, धोका नाही हे त्याला त्यांच्याकडे बघून कळतं.

दुसरं काम खालच्या टाकीचं. वरच्या चालू फिल्टरचा थोडा मुरलेला स्पंज खालच्या स्पंज फिल्टरसोबत दोन-तीन आठवडे ठेवा, म्हणजे जिवाणू वस्ती करतील. विक्रेत्याकडचं पाणी मोजा, टीडीएस आणि पीएच दोन्ही, आणि खालच्या टाकीचं पाणी मासे येण्यापूर्वी त्याच्या जवळ आणून ठेवा. माशांना आपल्या नळाची सवय नंतर, रोज थोडं थोडं पाणी बदलत, दोन आठवड्यांत लावायची. मासे आणल्यावर पिशवी उघडून तासन्‌तास थेंब थेंब पाणी सोडत बसू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो. पिशवी उघडली की तो वायू उडून जातो, पीएच चढतो, आणि प्रवासात साठलेला अमोनिया त्याच पाण्यात विषारी होतो. तापमान जुळवा, थोडं टाकीचं पाणी घाला आणि मासे जाळीने उचलून टाकीत सोडा, पिशवीतलं पाणी ओतून द्या.

खालच्या टाकीत पहिले सहा आठवडे तळ उघडा ठेवा. दोन-तीन छोटी मातीची मडकी, वाळलेल्या देशी बदामाची (टर्मिनालिया कटाप्पा) काही पानं, मंद उजेड, घट्ट झाकण. वाळू नको, कारण विष्ठा दिसली पाहिजे. नदीतून आलेल्या माशाची तब्येत मला रंगापेक्षा विष्ठेत आणि पोटात जास्त कळते. पांढरी, चकाकणारी, दोऱ्यासारखी लोंबणारी विष्ठा दिसली तर आतड्यात एकपेशीय परजीवी असण्याची शक्यता असते, त्यावर मेट्रोनिडॅझोल वापरतात. गुदद्वारातून तांबडे बारीक धाग्यांसारखे जंत डोकावत असतील तर ते कॅमॅलॅनस, त्यांवर लेव्हामिसोल. एकाच बाजूचा कल्ला मिटवून दुसऱ्याने भराभर श्वास, अंग पानांवर घासणं, ही कल्ल्यांतल्या फ्लूकची (चपट्या परजीवी जंतांची) चिन्हं, त्यांवर प्राझिक्वांटेल. मात्रा मासे जाणणाऱ्या पशुवैद्याला विचारूनच ठरवा, आणि लक्षण दिसल्याशिवाय सगळी औषधं एकदम ओतू नका. थकलेल्या माशाला औषधही ओझंच असतं. खाऊनही पोट आत गेलेलं आणि पाठीची कड चाकूच्या धारेसारखी होत चालली असेल तर मात्र थांबू नका.

खाण्याचं लिहायलाच हवं. गोळ्या आणि फ्लेक्स हे अन्न आहे हे या माशांना ठाऊकच नसतं. पहिले काही दिवस डाफ्निया (गोड्या पाण्यातले सूक्ष्म कवचधारी जीव), नुकते फुटलेले आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले तसेच जीव), डासांच्या अळ्या असं हलणारं खाद्य द्या. ते घेऊ लागले की गोठवलेलं, आणि जमलंच तर पुढे कोरडं. विक्रेत्याला सांगा, माझ्यासमोर त्यांना खायला घाला. जो मासा तुमच्यासमोर खात नाही तो आणू नका, कितीही सुंदर असो. सोबत तीन प्रश्न विचारा: कोणत्या नदीतले, येऊन किती दिवस झाले, कोणतं औषध दिलं गेलं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहून घ्या.

हे सहा आठवडे वरच्या टाकीला कामाला लावा. जाड खडी काढून बारीक वाळू घाला, तीन सेंटिमीटर पुरे. अपिस्टो वाळू तोंडात घेऊन चाळतात आणि कल्ल्यांतून सोडतात. टोकदार खडीत त्यांना हे करता येत नाही. दोन गुहा टाकीच्या दोन टोकांना हव्यात, तोंड इतकं लहान की मादी आत जाईल पण नराला अवघड जाईल. अंडी ती गुहेच्या छताला चिकटवते. मधे एक लाकूड आडवं असं ठेवा की एका गुहेतून दुसरी दिसणार नाही. छोट्या टाकीत नजर अडवणं हाच जागा वाढवण्याचा उपाय आहे. समोरच्या अर्ध्या तळावर पानांचा चांगला थर द्या. अमेझॉनच्या खोऱ्यातले बरेच अपिस्टो बुडालेल्या पानांच्या ढिगातच राहतात, पानापानाच्या आड एक दडायची जागा. वरून तरंगत्या वनस्पती सोडा. मांडणीत पाठीमागे, वरच्या थरात, फांद्यांचा एक दाट कोपरा मुद्दाम ठेवा. मार खाणारा मासा वर पळतो, त्याला तिथे आडोसा मिळायला हवा.

मासे वर गेले की खालच्या टाकीत ‘आता ही मोकळीच आहे’ म्हणून काही आणायचा मोह होईल. विक्रेताही सुचवेल. तेव्हा हे आठवा: नर-मादीचं बिनसलं तर एकाला तिथे जायचंय. आठवड्याला पाणी बदलायचं ते तिथेच आधी मुरवून ठेवता येतं. आणि पिल्लं झाली तर ती वाढवायची जागाही तीच. जिवाणू उपाशी राहू नयेत म्हणून वरच्या टाकीतून काढलेलं जुनं पाणी सगळं फेकून न देता थोडं खाली ओता, किंवा खालचा स्पंज वरच्या टाकीत चालू ठेवून गरजेला खाली आणा. मी दुसरा मार्ग वापरतो, सोपा पडतो.

पिल्लांची वेळ येईल, बोरेली असेल तर लवकरही येईल. मादी पिवळी होऊन गुहेत बसली की टाकीत हात घालू नका, काच पुसू नका, मडकं उचलून बघू नका. साधारण आठवडाभराने पिल्लांचा एक धूसर ढग तिच्यामागे पानांवरून सरकताना दिसेल. ती पर झटकून इशारा करते आणि अख्खा ढग एका क्षणात तळाला चिकटतो. तेव्हापासून दिवसातून दोन-तीनदा नुकते फुटलेले आर्टेमिया. पिल्लांच्या तापमानाकडेही लक्ष द्या. उवे रोमर आणि वोल्फगांग बाइझेनहर्त्स यांनी १९९६ मध्ये अपिस्टोग्रामाच्या बऱ्याच जातींवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात बहुतेक जातींत पिल्लं वाढतानाचं पाणी उबदार असलं की नर जास्त होतात असं दिसलं. म्हणजे लवकर वाढावीत म्हणून हिटर चढवलात तर नुसते नरच हाती येऊ शकतात. ती पिल्लं ज्यांना द्याल त्यांना नदीचं नाव लिहिलेल्या त्या कागदाची प्रतही द्या. नदीतून आलेल्या जोडीची खरी किंमत त्या नावात आहे, आणि एकसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जातीच्या मादीशी संकर झाला की ती गेली. घरात एकच जात ठेवा म्हणण्यामागे हेही एक कारण आहे.

नदीतून मासे पकडणंच चूक, असं मला वाटत नाही. ब्राझीलमध्ये रिओ निग्रोवरच्या बार्सेलोससारख्या गावांत कितीतरी कुटुंबं हातजाळ्यांनी शोभेचे मासे पकडून जगतात, आणि ज्या नदीवर पोट चालतं तिच्या काठचं जंगल लोक जपतात. पण तो मासा आपल्या खोलीत आल्यावर महिन्याभरात मेला तर त्या साखळीतला सर्वांत कच्चा दुवा आपण असतो.

विक्रेत्याला आजच फोन करा आणि सांगा, बोरेलीची एक जोडी हवी आहे, तीन आठवड्यांनी नेते, तोवर तुमच्याकडे ठेवा. या तीन आठवड्यांत त्याच्याकडे मासे खातेपिते राहिले तर तुमचं अर्धं काम तिथेच झालं. नाही राहिले, तर ते तुमच्या टाकीतही राहिले नसते. आणि खालच्या टाकीतले सहा आठवडे संपले की मला लिहा. मादीचा एक फोटो पाठवा, वरून काढलेला, म्हणजे तिची पाठ आणि पोट दोन्ही दिसेल.